जुन्या जहाजावर त्या गोल डिश कशाला असतात आणि नव्यावर का नसतात? (मिसाईल गायडन्सबद्दल प्रश्न)

घाटकोपरचा_मंद्या

मंडळी नमस्कार, मी यातला अजिबात जाणकार नाही, आधीच सांगतो म्हणजे नंतर कोणी अंगावर येऊ नये. नेव्ही वीकला भाच्याला घेऊन डॉकयार्डात गेलो होतो, दोन तास रांगेत उभं राहून शेवटी दोन बोटी बघायला मिळाल्या. एक तलवार क्लासची फ्रिगेट, तिच्या पुढच्या डेकवर एका हाताचा लाँचर होता, म्हणजे क्रेनसारखा एक दांडा आणि त्याला खालून एक मिसाईल लटकवायची सोय, आणि वर इकडेतिकडे छोट्या गोल डिशसारखं काहीतरी बसवलेलं. भाचा लगेच, मामा यांच्याकडे पण डिश अँटेना आहे, मॅच बघतात का. मी म्हटलं हो.

मग दुसरी, कोलकाता क्लासची. तिच्यावर ते काहीच नाही. डेकवर नुसती चौकोनी झाकणं, आणि वर मास्टला चारी बाजूंनी सपाट पाट्या. मी तिथल्या नौसैनिकाला विचारलं की त्या डिश कुठे गेल्या, तर तो हसला आणि म्हणाला सर आता मिसाईललाच डोळे आहेत, आणि मागून रांग ढकलत होती म्हणून आम्ही पुढे सरकलो.

घरी येऊन तीन रात्री वाचतोय. सेमी ॲक्टिव्ह, ॲक्टिव्ह, कमांड, बीम रायडर, डोकं भणभणलं. माझा साधा प्रश्न असा की मिसाईललाच डोळे लावता येत असतील तर आधीच्या लोकांनी एवढा द्राविडी प्राणायाम का केला? आणि डिशवाल्या बोटी आता भंगार समजायच्या का? सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सवाला आहे.

खारा_वारा

मंदार, पहिली गोष्ट, बोट नाही, जहाज. आमच्यात बोट म्हणजे पाणबुडी. असो, सवय असते. मी पंधरा वर्षं जहाजांवर काढली आहेत, इथे जे बोलेन ते पुस्तकं-मासिकांत छापून आलेलंच, त्यापुढचं कोणी विचारू नका.

तू बघितलेल्या त्या डिश मॅच बघायच्या नव्हेत, त्या इल्युमिनेटर. सरळ मराठीत बॅटरी. गावाकडे रात्री आंब्याच्या झाडावर वटवाघूळ बसलंय आणि दोघं जण आहेत असं समज, एकाच्या हातात मोठी बॅटरी आणि दुसऱ्याच्या हातात गलोल. बॅटरीवाल्याने वटवाघळावर झोत धरून ठेवायचा, गलोलवाल्याला जे चकाकतं ते दिसतं आणि तो तिकडे मारतो. गलोलवाल्याकडे स्वतःचा उजेड नाही, पण डोळे आहेत. हेच सेमी ॲक्टिव्ह होमिंग. जहाजावरची डिश लक्ष्यावर रडारचा झोत धरते, लक्ष्यावरून परत फुटलेला सिग्नल मिसाईलच्या नाकातला रिसीव्हर पकडतो आणि त्याच्या मागे जातो. तलवार क्लासवरचं श्टिल मिसाईल म्हणजे हेच.

आता गोम कुठे आहे, तर बॅटरीवाल्याला हात खाली करता येत नाही. मिसाईल आदळेपर्यंत झोत धरायचा. म्हणजे जितक्या बॅटऱ्या तितकीच लक्ष्यं एकावेळी. तलवार क्लासवर चार आहेत, दिल्ली क्लासवर सहा, आणि त्याही सगळ्या सगळीकडे बघू शकत नाहीत, कारण मध्ये मास्ट आहे, चिमणी आहे, हँगर आहे. चार दिशांना चार बसवल्या आणि हल्ला एकाच दिशेने आला तर कामाला येतात एक किंवा दोन. रशियाच्या स्लावा क्लासवर, म्हणजे २०२२ च्या एप्रिलमध्ये काळ्या समुद्रात बुडालेलं मॉस्कवा ज्या क्लासचं होतं त्यावर, लांब पल्ल्याच्या फोर्ट मिसाईल सिस्टीमला मागच्या बाजूला एकच भलामोठा डायरेक्टर, म्हणजे झोत धरणारं यंत्र, आहे. चौसष्ट मिसाईल आणि सगळ्यांना मिळून बघणारं यंत्र एक. ते डायरेक्टर ज्या बाजूला तोंड करून आहे तेवढ्या सेक्टरमध्येच ती सिस्टीम काम करणार.

आणि तो एका हाताचा लाँचर. एक मिसाईल गेलं की हात सरळ उभा होतो, खालून दुसरं चढतं, परत लक्ष्याकडे वळतो. दहा-बारा सेकंद. ऐकायला काहीच नाही वाटत ना? घड्याळ समोर ठेव आणि बारा सेकंद गप्प बस. समोरून काहीतरी येतंय असं मनात धर.

सिग्नलबाई_पुणे

खारा वारा काका, वटवाघळाचं उदाहरण माझ्या लेक्चरला चोरते आहे. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, जहाजावर पाय ठेवलाय तो फक्त मांडव्याच्या लाँचवर, त्यामुळे माझं सगळं फळ्यावरचं.

मंदार, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी सेकंदांत मांडते, मग गायडन्सचे प्रकार आपोआप कळतील. पृथ्वी गोल आहे हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम. रडार २५ मीटर उंचीवर आणि मिसाईल पाण्यावरून ५ मीटर उंचीने येतंय, तर रडारचं क्षितिज काढायला दोन्ही उंचींची वर्गमुळं मिळवायची आणि ४.१२ ने गुणायचं. ५ अधिक २.२४, गुणिले ४.१२, म्हणजे साधारण ३० किलोमीटर. त्याच्या पलीकडे रडार कितीही भारी घ्या, दिसणारच नाही, मध्ये पाणी आहे. एक्झोसेटसारखं आवाजापेक्षा कमी वेगाचं मिसाईल सेकंदाला ३०० मीटर येतं, तुमच्याकडे १०० सेकंद. मॅक ३ च्या, म्हणजे आवाजाच्या तिप्पट वेगाच्या, आसपासचं असेल तर सेकंदाला एक किलोमीटर, तुमच्याकडे ३० सेकंद. सगळी भांडणं या १०० आणि ३० च्या आत आहेत.

आता काकांची बॅटरी घेऊ. दिसल्यापासून ओळख पटवून मिसाईल सोडेपर्यंत १५ सेकंद धरा, आपलं मिसाईल सरासरी ८०० मीटर सेकंदाला, आणि आदळल्यावर खरंच पडलं का ते बघून बॅटरी दुसऱ्याकडे वळवायला ५ सेकंद. मी काल रात्री भाजी शिजेपर्यंत मांडलं. हळू येणाऱ्यांसाठी पहिली गाठ १८-१९ किलोमीटरवर, दुसरी १२ वर, तिसरी ८ च्या आत, चौथी साडेचारवर. म्हणजे एका बॅटरीने चार. दोन बॅटऱ्या असल्या तर आठ, तेही प्रत्येक नेम लागला तर. आता तेच गणित मॅक ३ ला घाला. पहिली गाठ साडेसहा-सात किलोमीटरवर पडते, ५ सेकंद बघण्यात जातात आणि दुसरं तोवर पावणेदोन किलोमीटरवर आलेलं असतं. एका बॅटरीने एकच. जहाज तेच, मिसाईल तेच, पण क्षमता पाव झाली. हे कागदावरचं आहे, प्रत्यक्षात सेकंद इकडेतिकडे होतील, पण मुद्दा कळला असेल.

मग याच्याही आधीचे प्रकार. कमांड गायडन्स म्हणजे एसटी रिव्हर्स घेताना मागे उभा राहून कंडक्टर ओरडतो ना, येऊ द्या येऊ द्या, डावीकडे घ्या, बास. मिसाईलला डोळे नाहीत, डोकंही नाही. जहाजावरचं रडार लक्ष्यही बघतं आणि स्वतःचं मिसाईलही बघतं, जहाजावरचा कॉम्प्युटर फरक काढतो आणि रेडिओने सांगतो वळ. आपल्या राजपूत क्लासवरचं व्होल्गा... सॉरी, व्होल्ना, ते असंच होतं. इस्रायली बराक-१ मिसाईल पण असंच, फक्त तिथे मिसाईलला सतत लक्ष्याच्या नजरेच्या रेषेवर ठेवतात. फायदा प्रचंड, मिसाईल स्वस्त, हलकं, लहान, आणि बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नाही. सगळी अक्कल जहाजावर, जिथे जागा, वीज आणि थंड हवा आहे.

तोटा एका ओळीत. कोनातली चूक अंतराने गुणली जाते. रडारची चूक एक मिलिरेडियन धरा, म्हणजे हजार मीटरला एक मीटर. १० किलोमीटरवर चूक १० मीटर, चालून जातं, वॉरहेडचे तुकडे तेवढे पोचतात. ७० किलोमीटरवर तीच चूक ७० मीटर, मग मिसाईल लक्ष्याच्या बाजूने नमस्कार करून निघून जाणार. म्हणून कमांडवाली मिसाईल जवळच्या कामाला छान आणि लांबच्याला बिनकामाची. होमिंगवाल्याचं उलटं, जितकं जवळ जाईल तितकं स्वच्छ दिसतं.

जुनी_पानं

ताईंनी सुंदर मांडलंय पण त्या ७० मीटरच्या आधीची पिढी राहिली, बीम रायडर. ब्रिटिशांचं सीस्लग, अमेरिकेचं पहिलं टेरियर. जहाजाने लक्ष्यावर झोत धरायचा आणि मिसाईलने त्या झोताच्या मधोमध राहत राहत पुढे जायचं, दोरीवरून चालल्यासारखं. पण झोत लांब जाईल तसा पसरतो, आणि पाण्याला चिकटून येणाऱ्यावर धरला तर अर्धा झोत पाण्यावर. टेरियर पुढे सेमी ॲक्टिव्ह झालं, टॅलॉसने मधला मार्ग काढला, बराच रस्ता झोतावरून आणि शेवटचा टप्पा होमिंगने. आजची सगळी मोठी मिसाईल हाच हिशोब करतात, रस्ता एका पद्धतीने आणि शेवट दुसऱ्या.

मला खरं सांगायचंय ते १९८२ बद्दल. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं युद्ध झालं, त्यात या सगळ्या ट्रेड-ऑफची परीक्षा एकाच महिन्यात झाली, आणि पेपर अर्जेंटिनाच्या साध्या बॉम्ब टाकणाऱ्या स्कायहॉक विमानांनी काढला होता. ब्रिटिशांकडे टाइप ४२ डिस्ट्रॉयर, त्यावर सी डार्ट, सेमी ॲक्टिव्ह, लांब पल्ला, उंचावरच्या विमानांचा कर्दनकाळ, इल्युमिनेटर दोन. आणि टाइप २२ फ्रिगेट, त्यावर सी वुल्फ, कमांडवालं, पल्ला सहाएक किलोमीटर, पण खाली येणाऱ्यासाठी बनवलेलं. मग त्यांनी जोड्या लावल्या, एक ४२ आणि एक २२, बेरीज ६४ म्हणून त्या जोडीला तेच नाव पडलं. एकाचं अधू ते दुसऱ्याने भरून काढायचं.

१२ मे ला ग्लासगो आणि ब्रिलियंट अशी जोडी होती. चार स्कायहॉक आले. ग्लासगोचं सी डार्ट ऐनवेळी चाललं नाही, तोफ अडकली. ब्रिलियंटच्या सी वुल्फने दोन पाडले, तिसरा वाचायच्या नादात समुद्रात गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या असतील. थोड्या वेळाने पुढची लाट आली, विमानं एकमेकांना चिकटून डावीउजवीकडे झोकांड्या घेत आली आणि सी वुल्फचा कॉम्प्युटर गोंधळून रिसेट झाला. एक बॉम्ब ग्लासगोच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर, फुटला नाही म्हणून जहाज वाचलं.

२५ मे ला कॉव्हेंट्री आणि ब्रॉडस्वर्ड. परत तेच, दोन विमानं एवढी जवळ की सी वुल्फला ठरवेना हे एक आहे की दोन, आणि लॉक, म्हणजे धरून ठेवलेला नेम, सुटला. पुढची जोडी आली तेव्हा ब्रॉडस्वर्डने लॉक केलंही होतं, पण कॉव्हेंट्री बॉम्ब चुकवायला वळली ती नेमकी ब्रॉडस्वर्डच्या समोरून आडवी गेली. रेषेत स्वतःचंच जहाज. लाइन ऑफ साइटवाल्या सिस्टीमचा अर्थच तो, रेषा तुटली की खेळ संपला. कॉव्हेंट्री अर्ध्या तासात कलंडली, १९ माणसं गेली.

पण म्हणून सी डार्ट फालतू होतं असं कोणी म्हणू नये. १९९१ च्या २५ फेब्रुवारीला आखाती युद्धात ब्रिटिशांच्या ग्लॉस्टरने याच सी डार्टने अमेरिकेच्या मिसूरी युद्धनौकेच्या दिशेने निघालेलं इराकी सिल्कवर्म मिसाईल पाडलं. ते आलं एकटं, मोठं, आणि फार वेगात नव्हतं. सिस्टीम तीच, परीक्षेचा पेपर सोपा.

थेट_मुद्दा

एवढा इतिहास कशाला. मुद्दा हा आहे की ॲक्टिव्ह सीकर आला आणि बाकी सगळं म्युझियममध्ये गेलं. मिसाईलच्या नाकात स्वतःचं रडार, सोडा आणि विसरा, बॅटरी नको, डिश नको, एकाचवेळी वीस सोडा. आपल्या कोलकातावरचं बराक-८, युरोपचं ॲस्टर, अमेरिकेचं एसएम-६, ब्रिटिशांनी टाइप २३ वरचं सी वुल्फ काढून सी सेप्टर लावलं, ते पण ॲक्टिव्ह. ज्यांना अजून डिश लावायच्यात त्यांच्याकडे पैसे नाहीत, बस एवढंच.

खारा_वारा

पैसे नाहीत? अमेरिकेच्या आर्ले बर्क डिस्ट्रॉयरवर अजून तीन इल्युमिनेटर आहेत, टिकॉन्डेरोगा क्रूझरवर चार. सत्तरीच्या वर बर्क आहेत बाबा, त्यांना गरीब म्हणतोस?

त्यांनी काय केलं ते समजून घे. १९८३ ला टिकॉन्डेरोगा आली तेव्हा एसएम-२ मिसाईलला त्यांनी सांगितलं की तू रस्ताभर झोतावर जगू नकोस. मोठं रडार तुला अधूनमधून सांगत राहील इकडे चल तिकडे चल, बॅटरी फक्त शेवटच्या काही सेकंदांना लागेल. म्हणजे हवेत भरपूर मिसाईल, आणि बॅटऱ्या चारच पण त्या पाळीपाळीने, जशी ज्याची वेळ येईल तसं. चाळीतल्या नळासारखं, नळ एक पण बिऱ्हाडं सोळा, वेळा वाटून घेतल्या की भागतं. डच आणि जर्मन त्याहून पुढे गेले, त्यांच्या एपार रडारच्या सपाट पाट्याच बॅटरीचं काम करतात आणि एक झोत इतक्या झपाट्याने या लक्ष्यावरून त्या लक्ष्यावर फिरवतात की प्रत्येक मिसाईलला वाटतं माझ्यासाठीच धरलाय. शेवटच्या टप्प्यात सोळा मिसाईल एकावेळी, असं त्याबद्दल छापून आलंय. डिश नाही, पण सेमी ॲक्टिव्हच. म्हणजे सपाट पाटी दिसली म्हणजे ॲक्टिव्ह मिसाईल, असंही समजू नकोस मंदार.

आणि हो, जमाना ॲक्टिव्हकडे चाललाय हे मान्य. नाटो देशांचं ईएसएसएम मिसाईल पण ब्लॉक २ ला, म्हणजे नव्या आवृत्तीत, ॲक्टिव्ह झालं. पण "बाकी म्युझियममध्ये" हे फेसबुकवर ठीक.

सिग्नलबाई_पुणे

थेट मुद्दा, तुमच्या "सोडा आणि विसरा" वर माझा आक्षेप आहे. समुद्रावर कोणी विसरत नाही. बराक-८ ला दुहेरी डेटालिंक, म्हणजे जहाज आणि मिसाईलमधला दोन्ही बाजूंचा रेडिओ संपर्क, आहे ते कशासाठी? नाकातला अँटेना वीतभर व्यासाचा, त्यामागे सेलवर चालणारा ट्रान्समीटर. रडारचा सिग्नल जाताना पसरतो आणि येताना परत पसरतो, अंतर दुप्पट झालं की परत येणारा सिग्नल सोळावा हिस्सा. एवढ्याशा अँटेनाने पन्नास किलोमीटरवरचं छोटं मिसाईल शोधणं शक्यच नाही, तो शेवटच्या काही किलोमीटरचा गडी. तोपर्यंत जहाजाचं मोठं रडार त्याला सांगत राहतं की लक्ष्य आता इथे आहे, आता इथे. आणि जहाजाने चुकीच्या जागी नेऊन सोडलं तर सीकर डोळे उघडतो तेव्हा समोर रिकामं पाणी. काकांच्या भाषेत, वटवाघळापर्यंत मित्राने हात धरून न्यायचं आणि शेवटच्या दहा पावलांना खिशातली छोटी बॅटरी काढायची.

सेमी ॲक्टिव्हमध्ये ट्रान्समीटर जहाजावर, किलोवॅटमध्ये ताकद, अँटेना हवा तेवढा मोठा. जॅमिंग, म्हणजे रडारमध्ये मुद्दाम गोंगाट, करणाऱ्याला त्या झोतावर मात करायची म्हणजे घाम फुटतो. शिवाय ते महागडं यंत्र प्रत्येक वेळी परत वापरता येतं. ॲक्टिव्हमध्ये तुम्ही प्रत्येक मिसाईलबरोबर एक अख्खं छोटं रडार समुद्रात फेकून देता. २०२३ च्या अखेरपासून तांबड्या समुद्रात काय झालं बघा ना, येमेनच्या हूतींचे स्वस्तातले ड्रोन आणि त्यांच्यावर फ्रेंचांनी ॲस्टर सोडले, ब्रिटिशांच्या डायमंड जहाजानेही ॲस्टर सोडले. जहाज वाचलं हे महत्त्वाचं, पण हिशोब करणाऱ्याच्या पोटात गोळा येणारच. अशा ड्रोनसाठी तोफ किंवा कमांडवालं स्वस्त मिसाईल शहाणपणाचं, म्हणून तो प्रकार मेलेला नाही.

पण एका गोष्टीत ॲक्टिव्हला तोड नाही, ती तुम्ही सांगितलीच नाहीत. मघाचं ३० किलोमीटरचं क्षितिज. बॅटरी जहाजावर असेल तर क्षितिजापलीकडे झोत जाणारच नाही, मिसाईलचा पल्ला दीडशे किलोमीटर असला तरी पाण्यालगतच्या लक्ष्यासाठी तो ३०च. ॲक्टिव्ह मिसाईलला वरून उडणारं विमान सांगू शकतं लक्ष्य कुठे आहे, आणि शेवटी ते स्वतः बघतं. अमेरिकेचं एसएम-६ याच कामासाठी. म्हणजे मघाच्या गणितातले ३० सेकंद वाढवायचा तोच एक रस्ता आहे, बाकी सगळे रस्ते त्या ३० सेकंदांत जास्त काम उरकायचे.

थेट_मुद्दा

हे मान्य. विसरा हा शब्द मागे घेतो. पण उष्णतेवर जाणारी का नाही वापरत मग सगळीकडे? रॅम आहे ना, त्याला ना बॅटरी ना डेटालिंक.

खारा_वारा

वापरतात की. अमेरिका-जर्मनीचं रॅम भारी चीज आहे, येणाऱ्या मिसाईलच्या नाकातलं रडार जे ओरडतं त्या आवाजावरच आधी जातं आणि मग उष्णतेवर. चोराच्या बॅटरीवर चोर पकडायचा. पण पल्ला जवळचा. आणि निव्वळ उष्णतेवर जाणाऱ्याला अरबी समुद्रात जुलैमध्ये आण एकदा. मी चार-चार दिवस पाऊस, फेस आणि राखाडी भिंत याशिवाय काही न बघितलेला माणूस आहे, ब्रिजवरून स्वतःच्या जहाजाचं टोक दिसायचं नाही. रडारला पाऊस त्रास देतो पण आंधळं करत नाही, इन्फ्रारेडचं तसं नाही. बराक-१ ला पण रडारबरोबर कॅमेरा आहे, एकाने दगा दिला तर दुसरा, पण मुख्य भरवसा रडारवरच.

आणि बराक-१ वरून आठवलं, २००६ च्या जुलैमध्ये बैरुतसमोर इस्रायलच्या हनीत जहाजाला सी-८०२ मिसाईल लागलं, चार नौसैनिक गेले. हनीतवर बराक होतं. चालूच केलेलं नव्हतं, कारण समोरच्या हिजबुल्लाकडे असलं मिसाईल असेल असं गृहीत धरलं नव्हतं. तिथे गायडन्स कुठला हा प्रश्नच आला नाही.

घाटकोपरचा_मंद्या

बापरे, मी ऑफिसात लपूनछपून वाचलं सगळं, दोनदा. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे, तलवारच्या डिश म्हणजे काकांची बॅटरी, कोलकाताच्या पाट्या म्हणजे हात धरून नेणारा मित्र, आणि छोटी बॅटरी त्या झाकणाखाली मिसाईलच्या नाकात. बरोबर का?

एक राहिलं. भाच्याचा प्रश्न आहे, मी उत्तर देऊ शकलो नाही. तो म्हणतो मिसाईललाच डोळे असतील तर ते फिरून आपल्याच जहाजाला का नाही लागत. आणि दुसरं, झाकणातून सरळ वर उडालं तर समोरून येणाऱ्याकडे वळायला वेळ जातो ना, मग तो वाकडा हात काय वाईट होता.

सिग्नलबाई_पुणे

भाचा हुशार आहे. पहिल्याचं उत्तर, डोळे बंद ठेवून सोडतात. लक्ष्याच्या जवळ पोचल्यावरच सीकर चालू होतो, तोही चारी दिशांना बघत नाही, समोरच्या अरुंद कोनात, आणि जहाजाने सांगितलेल्या अंतराच्या आणि वेगाच्या आसपासचंच काहीतरी शोधतो. आपलं जहाज तोवर बरंच मागे आणि वेग अगदी वेगळा.

खारा_वारा

दुसरा प्रश्न खरंच चांगला आहे, आमच्यात यावर वाद व्हायचे. सरळ वर गेलेलं मिसाईल वळण घेतं त्यात इंधन आणि सेकंद जातात, त्यामुळे अगदी अंगाशी आलेल्यासाठी ते वाईटच. हात आधीच त्या दिशेला वळलेला असेल तर तो जिंकतो, पण आधीच वळलेला असेल तरच, आणि पहिल्याच मिसाईलपुरता. झाकणांना डावंउजवं नाही, चारी दिशांना एकसारखं, आणि दुसरं मिसाईल दुसऱ्या झाकणातून लगेच. हलणारे भाग कमी म्हणून खाऱ्या हवेत जाम होण्यासारखं पण कमी. शिवाय बराक-८ ची मोटर दोन हप्त्यांत पेटते, दुसरा हप्ता शेवटच्या धावपळीसाठी राखलेला. २०१५ च्या डिसेंबरअखेरीला कोलकातावरून पहिल्यांदा सोडलं होतं, अरबी समुद्रातच. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये माझगाव डॉकच्याच सुरतने पाण्याला चिकटून येणारं लक्ष्य पाडलं, तुझ्या घाटकोपरहून लोकलने तासाभरावर बनलेलं जहाज ते.

भाच्याला सांग, पुढच्या वेळी झाकणं मोज म्हणावं. कोलकातावर बराक-८ ची बत्तीस भरायला हवीत.

घाटकोपरचा_मंद्या

काका, त्याने फोटोवरून आधीच मोजली. अठ्ठावीसच येतायत, चार माझ्या डोक्यामागे गेलीत म्हणून माझ्यावर चिडलाय.